एका माणसाचं टेबल

2019 सालच्या डिसेंबरपर्यंत सौदी अरेबियातल्या बहुतेक उपाहारगृहांना दोन दारं असत. एका दारावर ‘अफराद’ असं लिहिलेलं असे, म्हणजे एकट्यानं किंवा मित्रांबरोबर आलेले पुरुष. दुसऱ्यावर ‘आइलात’, म्हणजे कुटुंबं आणि स्त्रिया. त्या महिन्यात नगरपालिका खात्यानं जाहीर केलं, की वेगळी प्रवेशद्वारं ठेवण्याची सक्ती आता उरलेली नाही. ज्यांना ठेवायची असतील त्यांनी ठेवावीत, नको असतील त्यांनी काढून टाकावीत. त्यानंतर रियाध, जेद्दा, दम्माम या शहरांतल्या अनेक हॉटेलांनी मधली भिंत पाडली, आणि एकटा पुरुष, एकटी स्त्री आणि सहा जणांचं कुटुंब एकाच दालनात जेवू लागलं.

भिंत पडली, पण एकट्या माणसाला चांगली सेवा मिळू लागली का, हा प्रश्न उरतोच. नोकरीसाठी जुबैल किंवा दम्मामला गेलेला अभियंता, रियाधच्या रुग्णालयात रुजू झालेली परिचारिका, कामासाठी चार दिवस आलेला व्यापारी, उमरा झाल्यावर जेद्दात एक दिवस थांबलेला रत्नागिरीचा किंवा औरंगाबादकडचा प्रवासी, या सगळ्यांना कधी ना कधी परक्या शहरात एकट्यानं जेवायला बसावं लागतं. वेटर येतच नाही, आपल्यानंतर आलेल्यांना आधी वाढलं जातं, मागितलेला पदार्थ बदलून येतो, बिल मागून वीस मिनिटं जातात, हे अनुभव जगात कुठेही येतात. सौदी अरेबियात त्यामागची कारणं थोडी वेगळी आहेत, आणि त्यावरचे उपायही. ते आधीच माहीत असले, तर जेवणही नीट होतं आणि मनस्तापही वाचतो.

बार नसलेला देश

युरोप-अमेरिकेत एकट्या गिऱ्हाइकाची ठरलेली जागा म्हणजे बारचा काउंटर. उंच स्टुलावर बसायचं, समोरच्या माणसाकडे थेट मागायचं, तिथेच खायचं. मुंबई-पुण्यातल्या परमिट रूममध्येही एकटा माणूस कोपऱ्यातलं टेबल धरून निवांत बसू शकतो. सौदी अरेबियात ही सोय नाही, कारण तिथे मद्यालाच बंदी आहे.

या बंदीमागची घटना ‘सेवा नाकारण्या’शीच जोडलेली आहे. नोव्हेंबर 1951 मध्ये जेद्दात ब्रिटनचे उपवाणिज्यदूत सिरिल ओस्मान यांच्या घरी मेजवानी होती. राजे अब्दुलअझीझ यांचे तरुण पुत्र मिशारी तिथे आले होते. त्यांना आणखी मद्य द्यायला ओस्मान यांनी नकार दिला, तेव्हा मिशारींनी गोळीबार केला आणि त्यात ओस्मान यांचा मृत्यू झाला. पुढच्याच वर्षी, 1952 मध्ये, राजांनी देशात सरसकट मद्यबंदी आणली. तोवर बिगरमुस्लिम परदेशी लोकांना मिळणारी सूटही तिनं संपवली. जानेवारी 2024 मध्ये रियाधच्या राजदूतावासांच्या वसाहतीत फक्त बिगरमुस्लिम राजनैतिक अधिकाऱ्यांसाठी एक दुकान उघडलं, पण ते दुकान आहे, बसून पिण्याची जागा नव्हे.

म्हणून सौदीत ‘बार’ म्हटलं की कॉफीचा किंवा फळांच्या रसाचा काउंटर समजायचा. गेल्या काही वर्षांत तिथे कॉफीच्या दुकानांची मोठी लाट आली. 2022 हे साल सरकारनं ‘सौदी कॉफीचं वर्ष’ म्हणून साजरं केलं. या दुकानांच्या काउंटरवर तरुण सौदी मुलं-मुली काम करताना दिसतात, आणि एकट्यानं लॅपटॉप घेऊन तासभर बसणं तिथे अगदी सर्वमान्य आहे. काउंटरची संस्कृती तिथे मद्याविना उभी राहिली आहे, आणि एकट्या माणसासाठी ती आज सर्वांत सोपी जागा आहे.

दोन दारांचा काळ

आपल्याकडेही ‘फॅमिली रूम’ची पाटी अनेक हॉटेलांत असे, काही ठिकाणी अजून आहे. पुढच्या दालनात पुरुषांची वर्दळ, आणि आत किंवा माळ्यावर पंखे-पडदे असलेली कुटुंबांची जागा. सौदीत हीच विभागणी नियमानं सक्तीची होती आणि ती पाळली जाते की नाही यावर धर्मपोलिसांची नजर असे.

या व्यवस्थेत एकट्या पुरुषाच्या वाट्याला बहुधा डावी बाजू येई. प्रशस्त दालन, चांगल्या खुर्च्या, पडदे लावलेल्या खोल्या कुटुंबांकडे, तर पुरुषांच्या विभागात घाईनं खाऊन उठण्यापुरती सोय. सुटीच्या संध्याकाळी अनेक मॉलमध्ये तर एकट्या पुरुषांना प्रवेशच नसे. स्त्रीची अडचण याहून मोठी होती. जिथे कुटुंबांचा विभागच नसे, तिथे तिला दारातून परत जावं लागे. फेब्रुवारी 2008 मध्ये रियाधमधल्या एका कॉफीच्या दुकानात पुरुष सहकाऱ्याबरोबर कामाची चर्चा करत बसलेल्या अमेरिकी उद्योजिकेला धर्मपोलिसांनी ताब्यात घेतलं होतं. फेब्रुवारी 2016 मध्ये रियाधच्याच एका कॉफी शाखेनं दारावर सूचना लावली, की स्त्रियांनी आत येऊ नये, हवं ते आणायला चालकाला पाठवावं. दोन विभागांमधली भिंत मोडली होती आणि ती दुरुस्त होईपर्यंत स्त्रियांना प्रवेश नव्हता. त्या सूचनेचं छायाचित्र जगभर फिरलं.

एप्रिल 2016 मध्ये धर्मपोलिसांचे अटकेचे अधिकार काढून घेण्यात आले. जून 2018 मध्ये स्त्रियांना गाडी चालवण्याची परवानगी मिळाली. सप्टेंबर 2019 मध्ये पर्यटक व्हिसा सुरू झाला, आणि डिसेंबरमध्ये दोन दारांची सक्ती संपली. आज एकटी स्त्री कुठल्याही उपाहारगृहात जाऊन जेवू शकते. अनेक ठिकाणी कुटुंबांचा वेगळा भाग अजून आहे. तिथे बसायचं की मोकळ्या दालनात, हे तिनं ठरवायचं, वेटरनं नव्हे.

कायदा बदलला तरी सवयी मागून बदलतात. टेबलांची मांडणी, वेटरची नजर, आधी कोणाकडे जायचं याचा हिशोब, हे सगळं कित्येक वर्षं कुटुंब डोळ्यांपुढे ठेवून घडलेलं आहे. एकट्याकडे होणाऱ्या दुर्लक्षाचं एक मूळ इथे आहे.

दुर्लक्ष का होतं

दुसरं मूळ धंद्यात आहे. चार खुर्च्यांच्या टेबलावर एक माणूस बसला, की मालकाच्या दृष्टीनं तीन खुर्च्या रिकाम्या जातात. बिल छोटं होतं. त्यातून सौदीतलं जेवण मुळातच सामुदायिक आहे. कब्सा किंवा मंदी, म्हणजे मसाल्याचा भात आणि वर मांस, मोठ्या परातीत येतो आणि सगळे एकाच परातीतून खातात. पारंपरिक दुकानांत मटणाचं माप ‘नफर’वर, म्हणजे माणशी वाट्यावर असतं, आणि कोंबडी ‘हब्बा’ म्हणजे अख्खी, ‘नुस्स’ म्हणजे अर्धी, ‘रुब्अ’ म्हणजे पाव अशी मागतात. नव्या माणसाला हे माहीत नसतं. तो नुसतं ‘चिकन मंदी’ म्हणतो, समोर अर्धी कोंबडी आणि भाताचा डोंगर येतो, आणि मग ‘मी एवढं मागितलं नव्हतं’ यावरून वाद होतो. एकट्यासाठी ‘रुब्अ’ असं स्पष्ट सांगितलं की हा वाद उद्भवतच नाही.

तिसरं कारण बसण्याच्या जागेत आहे. मंदीच्या दुकानांत जमिनीवर गालिचा, त्यावर प्लॅस्टिकचा सुफरा अंथरून जेवायची पद्धत आहे आणि त्यासाठी छोट्या छोट्या बंद खोल्या केलेल्या असतात. वेटरला बोलावायला घंटीचं बटण असतं. कुटुंबाला हा आडोसा हवाच असतो. एकटा माणूस मात्र अशा खोलीत गेला, की तो कोणाच्या नजरेस पडत नाही. घंटी बिघडलेली असेल, तर अर्धा तास कोणी फिरकत नाही. त्यात वेटरचा दोष थोडा आणि भिंतीचा जास्त असतो.

चौथं कारण घड्याळ. पूर्वी नमाजाच्या वेळी सगळी दुकानं बंद ठेवावी लागत, दिवसातून चार वेळा, सुमारे अर्धा-अर्धा तास. आत बसलेलं गिऱ्हाईक शटरच्या आड अडकून राही. जुलै 2021 मध्ये सौदी वाणिज्य मंडळांच्या महासंघानं परिपत्रक काढून दुकानं नमाजाच्या वेळीही चालू ठेवायला सांगितलं. तरी अनेक ठिकाणी कामगार आळीपाळीनं नमाजाला जातात आणि तेवढा वेळ काम मंदावतं. हे दुर्लक्ष नसतं. नमाजाच्या वेळा रोज थोड्या सरकतात, म्हणून मोबाइलवर त्या पाहून घ्याव्यात आणि मागणी निदान अर्धा तास आधी द्यावी.

सौदी कुटुंबं रात्री उशिरा जेवतात. इशाच्या, म्हणजे रात्रीच्या नमाजानंतर, दहाच्या पुढे दालनं भरतात आणि गुरुवार-शुक्रवारच्या रात्री तर गर्दीला अंत नसतो, कारण साप्ताहिक सुटी शुक्रवार-शनिवारी असते. एकट्या माणसानं मगरिबच्या, म्हणजे सूर्यास्ताच्या नमाजानंतर लगेच, इशाच्या आधी जेवायला जावं. स्वयंपाकघर तापलेलं असतं, टेबलं रिकामी असतात आणि वेटरला बोलायला वेळ असतो.

रमजानचं गणित स्वतंत्र आहे. दिवसा उपाहारगृहात बसून जेवण मिळत नाही आणि सार्वजनिक ठिकाणी खाणं-पिणं बिगरमुस्लिमांनीही टाळायचं असतं. तो नियम आहे आणि तो मोडल्यास कारवाई होऊ शकते. सूर्यास्ताला इफ्तारच्या वेळी सगळीकडे एकदमच गर्दी उसळते. त्या घटकेला एकट्यासाठी टेबल मागण्यापेक्षा तासभर थांबणं बरं. मदिनेच्या मशिदीत मात्र याच वेळी एकट्या मुस्लिम यात्रेकरूला सर्वांत मोठा सन्मान मिळतो. लांबच लांब सुफरे अंथरलेले असतात आणि येणाऱ्या प्रत्येकाला हाताला धरून बसवलं जातं. तुम्ही किती जण, हा प्रश्न तिथे कोणी विचारत नाही.

एकट्यासाठी बनलेल्या जागा

सेवा चांगली हवी असेल, तर जागा कोणासाठी बनली आहे हे आधी पाहावं. मुंबईच्या गिरणगावात कोकणातून, घाटावरून एकटे आलेले कामगार खानावळीत जेवत. महिन्याचे पैसे देऊन दोन वेळचं ताट लावायचं. चाळीतल्या बायका हे काम करत आणि 1975 मध्ये प्रेमा पुरव यांनी त्यांना अन्नपूर्णा महिला मंडळात संघटित केलं. खानावळीत एकटा माणूस हेच मुख्य गिऱ्हाईक होतं, म्हणून तिथे त्याला कोणी डावललं नाही. त्याचं नाव, त्याची भाकरी, त्याला तिखट किती चालतं, हे सगळं वाढणाऱ्या बाईला ठाऊक असे.

सौदीतही अशा जागा आहेत. रियाधचा बथा, जेद्दाचं शरफिया, दम्मामचा सेको बिल्डिंगचा परिसर, इथे भारतीय, पाकिस्तानी, बांगलादेशी कामगारांची वस्ती आणि बाजार आहेत. मल्याळी मेस, हैदराबादी बिर्याणीची दुकानं, अफगाणी तंदूरवरची तमीस रोटी आणि तिच्याबरोबर फूल, म्हणजे शिजवून घोटलेले वालासारखे दाणे, हे सगळं एकट्या कामगाराच्या खिशाला आणि वेळेला धरून चालतं. एका टेबलावर चार अनोळखी माणसं बसतात, ताट पटकन येतं, जेवून उठायचं. गल्लीगल्लीत ‘बुफिया’ असते, चहा, सँडविच आणि रसाचं छोटं दुकान, तेही एकट्यासाठीच. 1974 मध्ये जेद्दात सुरू झालेल्या अल बैकसारख्या झटपट जेवणाच्या साखळ्यांत टोकन घेऊन काउंटरवरून ताट उचलायचं असतं, त्यामुळे वेटरच्या मर्जीचा प्रश्न येत नाही.

याचा अर्थ एकट्यानं मोठ्या उपाहारगृहात जाऊच नये असा मुळीच नाही. तिथे गेल्यावर दोन-तीन गोष्टी सुरुवातीलाच कराव्यात. दारातच ‘एक जण, इथेच जेवणार’ असं सांगावं. तिथले शब्द आहेत ‘महल्ली’ म्हणजे बसून, आणि ‘सफरी’ म्हणजे पार्सल. एकटा माणूस दिसला की काउंटरवरचा अनेकदा पार्सलच गृहीत धरतो. बंद खोली न घेता मोकळ्या दालनात, स्वयंपाकघराच्या किंवा गल्ल्याच्या वाटेवरचं टेबल मागावं. वेटर येता-जाता दिसतो, आपणही त्याला दिसतो. वेटरचं नाव विचारावं आणि घाई असेल तर किती वेळात उठायचं आहे तेही त्याला सांगावं. बहुतेक ठिकाणी हिंदी-उर्दू चालते. ‘लौ समहत’, म्हणजे ‘जरा ऐकता का’, एवढं अरबी आलं तरी समोरच्याचा चेहरा बदलतो.

सेवा बिघडली, तर

प्रथम गैरसोय आणि अपराध यांत फरक करावा. उशीर, विसर, तुटक बोलणं ही गैरसोय. शिळं किंवा कच्चं अन्न, बिलात न सांगितलेली रक्कम, कार्ड घ्यायला नकार, छापलेल्या किमतीपेक्षा जास्त वसुली हे नियमांचं उल्लंघन. पहिल्यासाठी तिथल्या तिथे बोलावं, दुसऱ्यासाठी सरकारी यंत्रणा आहे.

उशीर झाला, तर वेटरला एकदा सौम्यपणे विचारावं, ‘माझी मागणी आत गेली आहे का?’ पुष्कळदा ती लिहून घेतलेली असते, पण स्वयंपाकघरात पोहोचलेलीच नसते. दुसऱ्यांदा विचारूनही काही झालं नाही, तर ‘मुदीर’ला, म्हणजे व्यवस्थापकाला बोलवायला सांगावं. तो आल्यावर आवाज चढवू नये. काय मागितलं, केव्हा मागितलं, आता काय हवं, एवढं तीन वाक्यांत सांगावं. ‘पाऊण तास झाला, मला जेवण दहा मिनिटांत द्या किंवा मागणी रद्द करा’ असं नेमकं बोललं की व्यवस्थापकाला निर्णय घ्यावाच लागतो. नुसतं ‘तुमची सेवा वाईट आहे’ म्हटलं, की तो माफी मागतो आणि निघून जातो.

चुकीचा किंवा खराब पदार्थ आला, तर पहिल्या घासालाच सांगावं. अर्धं ताट संपवून तक्रार केली की तिचं वजन जातं. आपल्या मागून आलेल्या मोठ्या कुटुंबाला आधी वाढलं गेलं, तरी आपल्या ताटाबद्दल बोलावं, त्यांच्याबद्दल नाही. चारचौघांत एखाद्याचा अपमान करणं तिथल्या समाजात फार मनाला लावून घेतात, आणि अपमान झालेला माणूस आपलं काम करण्याऐवजी स्वतःची बाजू लढवू लागतो. व्यवस्थापकाला दोन पावलं बाजूला घेऊन शांतपणे बोललं, तर काम होण्याची शक्यता कितीतरी वाढते.

एकट्या माणसाची इथे एक खरी अडचण असते. सोबत साक्षीदार नसतो, ‘हो, यांनी हेच मागितलं होतं’ असं म्हणणारं कोणी नसतं. म्हणून मागणी देतानाच मेन्यूतल्या नावावर बोट ठेवून दाखवावं आणि वेटरकडून ती परत वदवून घ्यावी. बिल आल्यावर उठण्याआधी ते वाचावं.

कॅमेरा खिशातच ठेवावा

आपल्याकडे कोणी उद्धटपणे बोललं की मोबाइल काढून चित्रण करायचं आणि समाजमाध्यमावर टाकायचं, ही सवय झाली आहे. सौदीत हे फार महागात पडू शकतं. 2007 च्या सायबर गुन्हेविरोधी कायद्याच्या तिसऱ्या कलमानुसार कॅमेरा असलेल्या मोबाइलचा गैरवापर करून कोणाच्या खासगीपणात शिरणं आणि माहिती-तंत्रज्ञानाच्या साधनांनी कोणाची बदनामी करणं हे गुन्हे आहेत. शिक्षा एक वर्षापर्यंत कैद आणि पाच लाख रियालपर्यंत दंड, किंवा यांपैकी एक. शिवाय 2019 पासून लागू असलेल्या सार्वजनिक सभ्यतेच्या नियमांतही परवानगीशिवाय दुसऱ्यांचं छायाचित्र घेण्याला दंड आहे. शेजारच्या टेबलावरचं कुटुंब मागे चित्रात आलं, तरी प्रकरण वाढू शकतं.

आपल्या ताटाचं आणि बिलाचं छायाचित्र घ्यावं, त्यात कोणाचा चेहरा येऊ देऊ नये. वेटरचा किंवा मालकाचा व्हिडिओ काढू नये. नाव घेऊन आरोप करणारा मजकूर लिहू नये. तक्रारीसाठी सरकारनं दिलेली वाट असताना ही जोखीम घेण्याचं कारण नाही. परदेशात नोकरीवर असलेल्या माणसानं तर हे कधीही विसरू नये, कारण त्याचा निवासपरवाना, म्हणजे इकामा, त्याच्या वर्तनावर टिकून असतो.

बिल हाच पुरावा

सौदीत जानेवारी 2018 पासून मूल्यवर्धित कर आहे. सुरुवातीला तो 5 टक्के होता, जुलै 2020 पासून 15 टक्के झाला. मेन्यूवरची किंमत करासह दाखवावी लागते. म्हणजे 46 रियाल किंमत असेल, तर त्यात 40 रियाल पदार्थाचे आणि 6 कराचे. खाऊन झाल्यावर वर आणखी 15 टक्के लावले गेले, तर ती चूक आहे आणि ती दाखवून द्यावी. 2019 पासून मेन्यूवर प्रत्येक पदार्थाचे उष्मांक छापणंही बंधनकारक आहे.

4 डिसेंबर 2021 पासून इलेक्ट्रॉनिक बिलं सक्तीची झाली. बिलाला तिथे ‘फातूरा’ म्हणतात. त्यावर दुकानाचं नाव, कर क्रमांक, तारीख, वेळ आणि क्यूआर कोड असतो. साक्षीदार नसलेल्या एकट्या गिऱ्हाइकाचा हाच साक्षीदार. हातानं लिहिलेली चिठ्ठी दिली, तर छापील फातूरा मागावा. 2020 च्या ऑगस्टपर्यंत टप्प्याटप्प्यानं सगळ्या किरकोळ व्यवसायांना कार्डानं पैसे घेणं बंधनकारक झालं, त्यामुळे ‘फक्त रोख’ असं कोणी म्हटलं तर तेही नियमाविरुद्ध आहे. टीप द्यावी की नाही, किती द्यावी, हे पूर्णपणे तुमच्यावर आहे. न दिल्याबद्दल कोणी तोंड वाकडं केलं, तर मनाला लावून घेऊ नये.

तक्रारीच्या वाटा विषयानुसार वेगळ्या आहेत. किंमत, बिल, कार्ड नाकारणं, फसवणूक यांसाठी वाणिज्य मंत्रालयाचा 1900 हा क्रमांक आणि त्यांचं ‘बलाग तिजारी’ नावाचं अॅप. उपाहारगृहाची अस्वच्छता, परवाना, जागेची अवस्था यांसाठी नगरपालिका खात्याचा 940. अन्नपदार्थ आणि औषधांच्या सुरक्षिततेसाठी अन्न व औषध प्राधिकरणाचा 19999. पर्यटन मंत्रालयाच्या परवान्यावरच्या निवासी हॉटेलबद्दल तक्रार असेल, तर 930. तक्रार देताना फातूऱ्याचं छायाचित्र, तारीख, वेळ आणि शाखेचा पत्ता जोडावा. वेटर तुटक बोलला, एवढ्यासाठी हे क्रमांक फिरवू नयेत. पण अन्न खराब वाटलं तर संकोचही करू नये. एप्रिल 2024 मध्ये रियाधमध्ये एका बर्गरच्या साखळीतून बोट्युलिझमची विषबाधा पसरली, अनेकांना अतिदक्षता विभागात ठेवावं लागलं आणि एकाचा जीव गेला. मूळ मेयोनीजमध्ये सापडलं, ते देशभरातून मागे घेतलं गेलं. आपल्या एकट्याच्या तक्रारीनं काय होणार, असं ज्याला वाटतं त्यानं ही घटना आठवावी. खाल्ल्यावर दृष्टी धूसर झाली, गिळायला किंवा बोलायला त्रास होऊ लागला, तर तक्रारीआधी थेट रुग्णालय गाठावं.

वाढणारा माणूस

आपल्या टेबलाशी उशिरा येणारा तो मुलगा बहुधा सौदी नसतो. तो केरळचा, बंगालचा, नेपाळचा, येमेनचा किंवा फिलिपिन्सचा असतो. सौदी अरेबियात भारतीयच पंचवीस लाखांच्या आसपास आहेत. तोही घर सोडून आलेला असतो आणि त्याचा निवासपरवाना नोकरीशी बांधलेला असतो. मार्च 2021 मध्ये श्रम सुधारणा लागू होऊन करार संपल्यावर मालक बदलण्याची मुभा अनेक कामगारांना मिळाली, तरी खोटी किंवा रागाच्या भरात केलेली तक्रार आजही त्याची नोकरी घालवू शकते. आठ टेबलांना एकच माणूस ठेवण्याचा निर्णय त्याचा नसतो. म्हणून तक्रार व्यवस्थेकडे न्यावी, राग त्याच्यावर काढू नये. आणि सेवा चांगली मिळाली, तर व्यवस्थापकाला बोलावून त्या मुलाचं नाव घेऊन सांगावं. तक्रारीसाठी जेवढी तत्परता दाखवतो, तेवढीच कौतुकासाठीही दाखवावी.

हे समजून घेणं म्हणजे वाईट सेवा मुकाट्यानं सोसणं नव्हे. दुर्लक्ष होऊनही गप्प बसणारी बहुतेक एकटी माणसं मनात म्हणत असतात, की एकट्यासाठी कशाला एवढं. पंधरा टक्के कर एकट्याच्याही बिलावर लागतो, किंमत तीच असते, भूकही तीच असते. कुटुंबाला मिळणारं गरम ताट, स्वच्छ टेबल आणि नीट उत्तर एकट्यालाही मिळायलाच हवं. सौदी अरेबियानं दोन दारांची सक्ती काढून हा हक्क मान्य केला आहे. तो वापरला, तरच तिथल्या हॉटेलांच्या सवयी बदलतील.

तेव्हा तिकडे जाणार असाल, तर 1900, 940 आणि 19999 हे तीन क्रमांक मोबाइलमध्ये नोंदवून ठेवा. एकटे असलात म्हणून पार्सल घेऊन खोलीवर जाऊ नका. टेबल मागा, हवं ते स्पष्ट सांगा, फातूरा जपून ठेवा आणि सावकाश, पोटभर जेवून उठा.